एस.टी.चा वेतनकरार : वाटाघाट कोणाशी?

छत्रपती संभाजीनगरनजीक चिकलठाणा येथे विमानतळ आहे आणि चिकलठाण्यातच राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळाही आहे. विमान असो वा एस.टी.ची गाडी, न धावलेली फेरी गिरणीच्या कापडाप्रमाणे कोठारात साठवून पुढे विकता येत नाही. म्हणूनच वाहतूक क्षेत्रात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या वाटाघाटी फिसकटल्या की पहिली झळ त्रयस्थालाच लागते. मराठवाड्यात हा त्रयस्थ म्हणजे पासवर शाळेला जाणारी मुलगी, तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालेला वृद्ध आणि आठवड्याच्या बाजाराला जाणारा शेतकरी होय.

एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. पुढे ही सेवा मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, 1950 अन्वये स्थापन झालेल्या महामंडळाकडे आली. महामंडळ हे शासनाचे खाते नव्हे, ही बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गावातील शिक्षकाचे वा तलाठ्याचे वेतन वेतन आयोगाच्या शिफारशींवरून ठरते. चालक-वाहकांचे मात्र संघटनेशी होणाऱ्या मुदतबंद करारावरून ठरत आले आहे. एकाच गावात राहणाऱ्या या दोघांच्या पगारातील अंतर वाढू लागले, तेव्हा असंतोष निर्माण होणे स्वाभाविक होते.

कराराची रीत अशी. जुन्या कराराची मुदत संपत आली की संघटना मागणीपत्र सादर करते, बैठका होतात, आणि एकमत न झाल्यास समेट अधिकारी मध्यस्थी करतो. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 ने येथे एक महत्त्वाचा भेद केला होता. दोन पक्षांनी आपसांत केलेला करार केवळ त्या दोघांनाच बांधून ठेवी; समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार मात्र आस्थापनेतील सर्व कामगारांना, नंतर नोकरीस लागणाऱ्यांनाही, बंधनकारक होई. मुदत संपल्यावरही रीतसर लेखी सूचना देऊन दोन महिने होईपर्यंत जुना करारच चालू राही.

परंतु कामगारांच्या वतीने सही कोणी करावयाची? महाराष्ट्राने यासाठी 1971 मध्ये कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम केला. तो 8 सप्टेंबर 1975 रोजी अमलात आला. लगतच्या सहा महिन्यांत किमान 30 टक्के कामगार ज्या संघाचे सभासद असतील, त्यास औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळविण्याची सोय त्यात केली गेली. मान्यताप्राप्त संघाने संप करण्यापूर्वी सभासदांचे बहुमत घ्यावे आणि चौदा दिवसांची नोटीस द्यावी, असेही बंधन होते. कागदावर ही व्यवस्था उत्तम होती. तथापि मान्यता न्यायालय देते, विश्वास मात्र आगारातच मिळवावा लागतो.

2016 ते 2020 या कालावधीसाठी 4,849 कोटी रुपयांची वेतनवाढ परिवहनमंत्र्यांनी 1 जून 2018 रोजी जाहीर केली. आकडा मोठा होता; पण आठवड्याभरातच, 8 जून रोजी, पूर्वसूचनेविना गाड्या थांबल्या. एकूण रक्कम सांगितली म्हणजे वाटणी मान्य झाली असे होत नाही, हाच त्याचा अर्थ.

ऑक्टोबर 2021 मध्ये हे अधिक तीव्रतेने दिसून आले. संघटनांच्या कृती समितीने 27 तारखेस उपोषण आरंभिले व महागाई भत्ता 28 टक्के झाल्यावर दुसऱ्या दिवशी मागे घेतले. नेते उठले, आगारे उठली नाहीत. शासनात विलीनीकरण करा, ही एकच मागणी पुढे आली. म्हणजे कराराची पद्धतच कामगारांना नको होती. 24 नोव्हेंबरला शासनाने मूळ वेतनात अंतरिम वाढ घोषित केली : दहा वर्षांपर्यंत सेवा असणाऱ्यांना 5,000 रुपये, दहा ते वीस वर्षांपर्यंत 4,000 व त्यापुढे 2,500. तरीही संप मिटला नाही. हजारोंवर निलंबन व बडतर्फीची कारवाई झाली, काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, आणि खेड्यापाड्यांतील प्रवासी खाजगी जीपगाड्यांच्या भरवशावर राहिले. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अभिप्राय दिला. अखेर 7 एप्रिल 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले.

अंतरिम वाढीतील विषमता मात्र शिल्लक राहिली. कनिष्ठास दुप्पट आणि ज्येष्ठास निम्मे, हे वीस वर्षे गाडी चालविणाऱ्यास कसे पटावे? सप्टेंबर 2024 मधील दोन दिवसांच्या संपानंतर एप्रिल 2020 पासून मूळ वेतनात सरसकट 6,500 रुपये वाढ देण्याचे ठरले. ज्यांना पूर्वी 5,000 मिळाले होते त्यांच्या वाट्यास 1,500, 4,000 वाल्यांस 2,500 आणि 2,500 वाल्यांस 4,000 अशी भर पडून तिन्ही गट समान पातळीवर आले.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, 2020 अमलात आली आहे. तीनुसार 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ एकटा वाटाघाट करू शकतो. असा संघ नसल्यास किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघांची वाटाघाट परिषद बसते. चौदा दिवसांची संपाची नोटीस आता सर्वच उद्योगांना लागू आहे, आणि निम्म्या वा अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजाही संपच मानली जाते.