पऱ्हाटीची समिधा

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना होते आणि नागपूरच्या उत्तरेस असलेल्या कोराडीच्या वाटेवर भाविकांची रीघ लागते. सकाळी बालिका, माध्यान्ही तरुणी आणि सायंकाळी प्रौढा अशा तीन रूपांत जगदंबा दर्शन देते, अशी येथील श्रद्धा आहे. नवरात्रात मनोकामनेच्या अखंड ज्योती येथे हजारोंनी तेवत असतात. त्याच गावात आणखी एक अखंड अग्नी प्रज्वलित आहे. तो औष्णिक विद्युत केंद्राच्या भट्टीतला. १९७४ साली येथे वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. आज ६६० मेगावॅटचे ३ मोठे संच येथे उभे आहेत. एक शक्ती गाभाऱ्यात, दुसरी तारांतून घरोघरी! एका ज्योतीस वात लागते, दुसरीस कोळसा.

वात कापसाची, आणि कापूस आपल्या विदर्भाच्या काळ्या मातीतला. परंतु ज्या झाडाने ती वात दिली, त्या झाडाचे पुढे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

सीतादही झाली, पुढे काय?

पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादहीची पूजा करण्याची रीत वऱ्हाड-विदर्भात आहे. बोंडाचा असा सन्मान होतो. हंगाम सरल्यावर मात्र उभ्या राहिलेल्या वाळक्या पऱ्हाटीस कोणी विचारीत नाही. थोडी चुलीसाठी मोळ्या बांधून घरी येते, थोडी कुंपणास लागते. उरलेली धुऱ्यावर ढीग करून पेटविली जाते. ती शेतात तशीच ठेवावी, तर गुलाबी बोंडअळीस तेथे आश्रय मिळतो आणि पुढल्या पिकावर संकट येते. म्हणून काडी टाकणाऱ्या शेतकऱ्यास बोल लावणे उचित नव्हे. त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवणे, हेच खरे कर्तव्य होय.

एका हेक्टरातून सामान्यतः २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. तिचे अंतरंग लाकडासारखेच असते. तंतुमय द्रव्य विपुल, आणि त्या तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्यही पुरेसे. म्हणजे ज्यास आपण कचरा म्हणून जाळतो, ते वस्तुतः एका हंगामात तयार झालेले लाकूडच आहे.

काडीची फळी

या लाकडाची फळी करण्याची विद्या आपल्या नागपुरातच सिद्ध झाली आहे. १९२४ साली मुंबईत माटुंगा येथे कापसाच्या संशोधनासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. या शतकाच्या प्रारंभीच्या दशकात, आंतरराष्ट्रीय साहाय्याने, पऱ्हाटीपासून फळ्या बनविण्याचा प्रायोगिक कारखाना या केंद्रात उभा राहिला.

कृती ऐकण्यास सोपी आहे. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करावयाचे, ते वाळवावयाचे, त्यांत चिकटद्रव्य मिसळून सारखा थर द्यावयाचा आणि तापलेल्या दाबयंत्रात तो दाबावयाचा. त्यातून आडभिंतीस, छतास, दारास आणि टेबलास उपयोगी पडेल अशी फळी निघते. नेहमीचे चिकटद्रव्य युरिया-फॉर्माल्डिहाइडचे असते. त्याची वाफ घरात अधिक सुटू नये, याची दक्षता मात्र घ्यावी लागते. जितकी पऱ्हाटी फळीत गेली, तितका धूर वाचला आणि तितकेच जंगलही वाचले.

भट्टीतील आहुती

दुसरी वाट अग्नीची. पऱ्हाटीचा भुसा यंत्रात दाबला की उष्णतेने लिग्निन मऊ होते आणि वेगळा डिंक न घालता घट्ट गोळ्या तयार होतात. या गोळ्या कोळशात मिसळून वीज केंद्रात जाळता येतात. उत्तर प्रदेशातील दादरीच्या केंद्रात २०१७ साली त्याचा प्रयोग झाला. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांनी कोळशासोबत ५ टक्के जैव गोळ्या वापराव्यात, असे धोरण केंद्र सरकारने जाहीर केले. डेन्मार्कसारख्या देशात तर गव्हाच्या काडावर वीज केंद्रे चालविण्याचा अनुभव जुना आहे.

यातील लाभ स्पष्ट आहे. झाडाने यंदा हवेतून घेतलेला कर्बवायूच जळताना हवेत परत जातो. कोळसा मात्र कोट्यवधी वर्षे भूगर्भात साठलेला कर्ब बाहेर काढतो. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. पऱ्हाटीत ती पुष्कळच कमी. परंतु पिकांच्या अवशेषांच्या राखेत पोटॅशसारखे क्षार असतात. ते वितळून बाष्पकाच्या नळ्यांवर थर धरतात. यास्तव मिश्रणाचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते.

चुलीचा घास

येथे एक हिशेब मांडणे अगत्याचे आहे. कोराडीचे ३ मोठे संच दिवसभर पूर्ण भाराने चालले, तर पावणेपाच कोटी युनिट वीज निघेल. एका युनिटास सुमारे ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला अदमासे ३० हजार टन लागेल. त्याचे ५ टक्के म्हणजे १,५०० टन. इतक्या गोळ्यांसाठी रोज ५०० ते ७५० हेक्टरांवरील पऱ्हाटी हवी. संच नेहमी पूर्ण भाराने चालत नाहीत हे ध्यानी घेऊन यातून काही वजा केले, तरी वर्षाकाठी लाखाहून अधिक हेक्टरांचा हा घास आहे!

इतकी मोठी भट्टी गिऱ्हाईक म्हणून दारी आली, तर पऱ्हाटीस मोल येईल. ते आनंदाचेच. परंतु ज्या मजूर घरांत आजही या मोळीवर भाकरी भाजली जाते, त्या माउलीच्या चुलीत उद्या काय घालावयाचे? आणि शेतातून सर्वच काडीकचरा उचलून नेला, तर मातीस काय राहील? सोयाबीन-हरभऱ्याचे कुटार गुरांच्या मुखी आणि कुजणारा पालापाचोळा मातीच्या मुखी जावयास हवा. दोन्ही भट्टीत गेले, तर आजच्या विजेसाठी उद्याचे पीक गहाण पडेल.

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्र सांगितले आहे. देवांनी दिलेले त्यांस परत न देता जो एकटाच भोगतो, त्यास तेथे चोर म्हटले आहे. आपल्या घरांतही पान वाढण्यापूर्वी गोग्रास काढतात. पऱ्हाटीच्या बाबतीत हाच क्रम असावा, असे आम्हांस वाटते. पहिला वाटा मातीचा, दुसरा गरिबाच्या चुलीचा, तिसरा फळीचा आणि उरेल तो भट्टीचा. फळीचा वाटा आधी, कारण फळी वर्षानुवर्षे टिकते आणि ती निकामी झाल्यावर नवा विचार करता येतो. जाळलेली काडी मात्र परत येत नाही. चुलीचा वाटा भट्टीस द्यावयाचाच असेल, तर आधी त्या घरी गॅस वा निर्धूर चूल परवडेल अशी व्यवस्था व्हावी.

पऱ्हाटी हलकी आणि फोफशी. ट्रक भरतो, पण वजन भरत नाही. ती दूर नेण्यातच नफा आटतो. म्हणून तुकडे करण्याचे यंत्र गावात यावे. ते शेतकऱ्यांच्या संस्थेने अथवा महिलांच्या बचत गटाने चालवावे. मोल वजनावर आणि ओलाव्यावर ठरावे, म्हणजे घामाचा दाम मधल्यामध्ये अडकणार नाही.

नवग्रहांच्या समिधांत पळस, खैर, पिंपळ, उंबर, शमी यांच्या जोडीने रुई आणि आघाडाही आहेत. ही दोन तर रानोमाळ, धुऱ्यावर, कोणी न लावता उगवणारी. तरी एक सूर्याची समिधा, दुसरी बुधाची. टाकाऊ म्हणून काही नाही, ही दृष्टी आपल्या पूर्वजांनी पूजेतच गुंफून ठेवली आहे. समिधा अग्नीत जाते ती मोजून, निवडून, संकल्प करून. ढीग करून पेटवून देणे म्हणजे आहुती नव्हे. यंदा सीतादहीचा नैवेद्य दाखविताना बोंडासोबत पऱ्हाटीसही हळदकुंकू वाहावे, आणि हंगाम सरल्यावर धुऱ्यावर काडी लावण्यापूर्वी तिचे चार वाटे मनाशी मांडावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे.