मोबाईलचा उपोसथ

"अभ्यासाला बसले की मन लागत नाही," ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. पुस्तक समोर असते, पण हात मोबाईलकडे जातो. हा दोष केवळ मुलांच्या इच्छाशक्तीचा नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब ही माध्यमे मुख्यतः जाहिरातींच्या उत्पन्नावर चालतात. आपण जितका वेळ पाहत राहू, तितका त्यांचा लाभ. म्हणूनच तेथे पान कधी संपत नाही. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. तथागतांनी दुःखाचे कारण म्हणून जी तृष्णा सांगितली, तिलाच हे खतपाणी होय.

मग मोबाईल टाकून द्यावा काय? मुळीच नाही. शिष्यवृत्तीची सूचना, परीक्षेचे प्रवेशपत्र त्यावरच येते. धम्माचा मार्ग मध्यम मार्ग आहे आणि त्याचे साधन आपल्या परंपरेतच आहे. उपोसथाच्या दिवशी उपासक अष्टशील पाळतो. त्यातील सातव्या शीलानुसार नृत्य, गीत, वाद्य व खेळतमाशे यांपासून अलिप्त राहावयाचे असते. ही कायमची बंदी नव्हे. ठरलेल्या दिवसापुरता स्वेच्छेने घेतलेला विराम होय.

अशा विरामाने लाभ होतो काय? २०१८ साली अमेरिकेतील एका प्रयोगात काही जणांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवले. त्यांचा दिवसाला सुमारे एक तास वाचला. समाधान थोडे, पण निश्चित वाढले. आपल्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली ग्रामस्थांनी नियम केला : सायंकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास मोबाईल व टीव्ही बंद. हा नियम एकट्या मुलांसाठी नव्हता, साऱ्या गावासाठी होता, हे विशेष.

आपणही रोज सायंकाळी दीड तास आणि दर पौर्णिमेला दिवसभर समाजमाध्यमे बंद ठेवावीत. आरंभ आईवडिलांनी करावा. रात्री मोबाईल उशाशी न ठेवता कपाटात ठेवावा. पहिल्या दिवशी चुळबुळ होईल. ती ओढ कशी उठते आणि कशी ओसरते, हे शांतपणे पाहावे. अनित्यतेचा तो प्रत्यक्ष पाठच आहे.

विद्यार्थीदशेत बाबासाहेबांनी परळच्या चाळीतील एका खोलीत, घर झोपलेले असताना अभ्यास केला. त्यांच्याजवळ जागा नव्हती; एकाग्रता होती. आज आपल्या मुलांजवळ पुस्तके आहेत, साधने आहेत. एकाग्रताच तेवढी हिरावली जात आहे. ती परत मिळविणे हे आपल्याच हाती आहे.

भवतु सब्ब मंगलं!