संगणक क्लबची सवलत : किमतीत काय कमी होते आणि हातात काय राहते?

गल्लीतील दहा यंत्रमागवाल्यांनी मिळून सूत उचलले की भाव खाली येतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. माल जास्त, दलाली एकदाच, गाडीभाडे एकदाच. हाच हिशेब मनात धरून व्यापारी मंडळ किंवा संगणक क्लब सभासदांसाठी सॉफ्टवेअर एकत्र घ्यायला निघतो. विक्रेत्याचा माणूस येतो, चहा घेतो आणि म्हणतो, "हाजीसाहेब, फक्त वीस नावे जमवा, कमी भावात देतो. वर वर्षभर ऑनलाइन सेवा फुकट." नावे जमतात, पैसे गोळा होतात आणि वीसपैकी एकानेही कागद वाचलेला नसतो.

सुताचे गाठोडे घरात आले की ते आपले. ते विकावे, उसने द्यावे, नाहीतर तसेच ठेवावे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आपण वस्तू घेत नसतो, वापरण्याची परवानगी घेत असतो. ती परवानगी कुणाच्या नावाची, किती यंत्रांसाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, यावर सवलत खरी की खोटी हे ठरते. त्यामुळे क्लबमार्फत घेताना टक्केवारी नंतर विचारावी. सभासदत्व संपल्यावर आपल्या हातात काय उरेल, हे आधी विचारावे.

क्लबांची सुरुवात

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे ५ मार्च १९७५ रोजी एका घराच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. त्या वेळी अल्टेअर नावाचा संगणक सुट्या भागांत मिळत असे व घरी जोडावा लागे. त्यावर चालणारे बेसिक ही भाषा बिल गेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली होती. तिची कागदी पट्टी क्लबातील एकाच्या हाती लागली, त्याने नकला काढल्या आणि सभासदांनी त्या वाटून घेतल्या. तेव्हा वीस वर्षांच्या असलेल्या गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी हौशी मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे, अशी त्यांची तक्रार होती. यंत्राचे पैसे देता, मग प्रोग्राम लिहिणाऱ्याची मजुरी का देत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. कारागिराला ही तक्रार परकी वाटू नये. आपल्या नक्षीची नक्कल शेजारच्या दुकानात टांगलेली पाहिली की आपणही हेच म्हणतो.

त्यावर क्लबांतूनच एक मधला मार्ग पुढे आला. १९८२ च्या सुमारास अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ या दोघांनी आपापले प्रोग्राम खुशाल नकलून वाटायला सांगितले. उपयोगी पडला तर पैसे पाठवा, एवढीच अट. याला पुढे 'शेअरवेअर' हे नाव पडले. क्लब अशा फ्लॉपींची ग्रंथालये ठेवू लागले. सभासदाला फ्लॉपीची किंमत आणि नकलेचा थोडा खर्च एवढेच द्यावे लागे, आणि लेखकाची परवानगी असल्याने व्यवहार स्वच्छ राही.

१९७७ साली जोनाथन रोटेनबर्ग या तेरा वर्षांच्या मुलाने सुरू केलेली बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी तर तीस हजारांच्या आसपास सभासदांपर्यंत पोहोचली होती. पण १९९६ मध्ये ती बंद झाली. एवढी मोठी संस्था बंद होऊ शकते, तर आपल्या गावचा क्लबही होऊ शकतो. हे अशुभ बोलणे नव्हे, पण करार करताना हा हिशेब धरलाच पाहिजे.

ऑनलाइन सेवेची कथाही क्लबांपासूनच सुरू होते. फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोतील वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या क्लबवाल्यांनीच टेलिफोनवरून निरोप ठेवण्याचा पहिला संगणकी फलक चालू केला. पुढे कॉम्प्युसर्व्हसारख्या कंपन्या तासावर पैसे घेऊन हीच सोय विकू लागल्या. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले, आणि तेव्हाही ग्राहकाची नजर घड्याळावरच असे.

एक प्रत, दहा दुकाने?

आता आपल्याकडील सर्वांत मोठा गैरसमज. क्लबाने एक प्रत विकत घेतली आणि दहा सभासदांच्या यंत्रांवर चढवली, तर त्याला सामुदायिक खरेदी म्हणत नाहीत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामचा समावेश झाला. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली व तिने कलम ६३-ब आणले. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास त्यात किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्याव्यतिरिक्त वापर असेल तर न्यायालय कैद टाळू शकते. दुकानात बिले फाडण्यासाठी वापरणाऱ्याला ही सूट मिळत नाही. उलट, रीतसर घेतलेल्या प्रतीची एक जादा प्रत सुरक्षिततेसाठी ठेवण्यास हाच कायदा परवानगी देतो. ती अवश्य ठेवावी.

रीतसर परवानग्यांतही प्रकार आहेत. विंडोजचेच पाहा. नव्या यंत्राबरोबर आलेली प्रत त्या यंत्राशीच बांधलेली असते, यंत्र भंगारात गेले की तीही गेली. सुटी विकत घेतलेली प्रत एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येते. तिसरा प्रकार एखाद्या संस्थेला घाऊक दिलेल्या परवान्याचा. त्याचा क्रमांक सुटा करून विकण्याचा अधिकार त्या संस्थेला नसतो. इंटरनेटवर पाचशे-सातशे रुपयांत जे क्रमांक मिळतात, ते पुष्कळदा या तिसऱ्या जातीचे असतात. आज चालतात, उद्या कंपनीने अडवले तर दाद कुणाकडे मागणार? क्लबाच्या नावावर असा माल घेऊन सभासदांना वाटला, तर बदनामी क्लबाची होते.

धर्मादाय संस्थांसाठी असलेली सवलत हा आणखी एक घोटाळ्याचा विषय. टेकसूपसारख्या व्यवस्थेमार्फत नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना सॉफ्टवेअर नाममात्र खर्चात मिळते. शाळा चालवणाऱ्या ट्रस्टने याची चौकशी जरूर करावी. परंतु ट्रस्टच्या नावाने आलेली प्रत विश्वस्ताच्या दुकानात चालवणे म्हणजे संस्थेची अमानत स्वतःच्या धंद्यात घालणे होय.

बिल कुणाच्या नावावर?

व्यापाऱ्याच्या खिशाला सर्वांत जास्त भिडणारी गोष्ट सवलतीच्या पत्रकात कधीच छापलेली नसते. ती म्हणजे बिलावरचे नाव. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला धंद्यासाठी भरलेल्या या कराची वजावट मिळते, पण बिल त्याच्या नावाचे आणि त्याच्या जीएसटी क्रमांकाचे असेल तरच.

समजा, सॉफ्टवेअरची किंमत १०,००० रुपये आहे. आपण सरळ घेतले तर ११,८०० मोजावे लागतील, त्यातले १,८०० वजा मिळतील, म्हणजे निव्वळ खर्च १०,०००. क्लबाने दहा टक्के सवलत मिळवली. किंमत ९,०००, कर १,६२०, एकूण १०,६२०. बिल क्लबाच्या नावावर फाटले आणि सभासदाला फक्त पावती मिळाली. वजावट गेली. सवलतीचा माल ६२० रुपयांनी महाग पडला! मात्र ज्यांची नोंदणी नाही किंवा जे कंपोझिशन योजनेत आहेत, त्यांना वजावट मुळातच नसते, त्यामुळे त्यांचे याच व्यवहारात १,१८० रुपये वाचतात. एकच सौदा एकाला फायद्याचा आणि शेजाऱ्याला तोट्याचा. यावर उपाय सोपा आहे : भाव क्लबाने ठरवावा, बिल मात्र विक्रेत्याने प्रत्येक सभासदाच्या नावाने स्वतंत्र द्यावे. विक्रेता याला तयार नसेल तर का नाही, हे त्याला सभेत सर्वांसमोर विचारावे.

दुसऱ्या वर्षाचा भाव हाही असाच मौनात राहणारा विषय. काही सॉफ्टवेअर एकदा घेतले की कायमचे चालते, फक्त सुधारणा व जोडसेवांसाठी दरवर्षी पैसे पडतात. टॅलीची रचना अशी आहे. वार्षिक वर्गणी भरली नाही तरी जुने हिशेब उघडतात आणि नवी नोंदही करता येते. काही सॉफ्टवेअर पूर्ण भाडोत्री असते. अडोबीने २०१३ पासून फोटोशॉप वगैरेंच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच देण्याचे धोरण धरले. भाडे थांबले की दार बंद. भाडे वाईट असे नाही, दोन महिन्यांचे काम असेल तर ते परवडतेही. पण पहिल्या वर्षी अर्ध्या भावात मिळालेल्या भाडोत्री सॉफ्टवेअरमध्ये आपण वर्षभराचे काम भरून ठेवतो आणि दुसऱ्या वर्षी विक्रेता सांगेल तो भाव द्यावा लागतो.

कुलूप, किल्ली आणि जुनी फाइल

छापखान्यातील मंडळींना हे नव्याने सांगायला नको. मराठीसाठी श्रीलिपी आणि उर्दूसाठी इनपेज यांनी आपल्याकडील छपाईचा चेहरा बदलला, हे ऋण मान्यच आहे. परंतु अशा सॉफ्टवेअरबरोबर यंत्राला लावायचे एक छोटे कुलूप येत असे, त्याला धंद्यात डोंगल म्हणतात. ते तुटले वा हरवले की काम ठप्प. माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांच्या ऐन हंगामात डोंगल पडून फुटले. मजकूर संगणकात होता, डोळ्यांना दिसत नव्हता. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. शेवटी त्यांनी तीन रात्री जागून पत्रिका पुन्हा टाइप केल्या. आता युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसतो आणि उर्दू उर्दूच. जुने महत्त्वाचे काम आजच युनिकोडमध्ये बदलून ठेवावे, डोंगल चालू आहे तोवरच.

भरतकाम व जरीकामवाल्यांसाठी वेगळी खबरदारी. मशिनला दिली जाणारी डीएसटी फाइल ही केवळ टाक्यांची यादी असते. सुई कुठे जाईल हे त्यात असते, धाग्याचा रंगसुद्धा नसतो. तेवढीच फाइल हातात असेल तर नक्षी मोठी-छोटी करणे किंवा फूल बदलणे जिकिरीचे होते. म्हणून डिझाइन करणाऱ्याकडून मूळ, बदलता येणारी फाइलही मागून घ्यावी. याच कामासाठी इंकस्केप आणि त्याला जोडायचे इंक-स्टिच ही मुक्त सॉफ्टवेअर मिळतात. ती नकलून दहा सभासदांना द्यायला कायद्याची हरकत नाही, लेखकांनीच तशी मुभा दिलेली आहे. पत्रे व तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस आहे. १९९० च्या दशकात पीसीक्वेस्ट या मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या, तेव्हा आपल्या देशातील अनेकांनी याच मार्गाने शिकायला सुरुवात केली. माझे स्पष्ट मत असे की आपल्या क्लबांनी सवलतीच्या मागे धावण्याआधी एक चांगला शिकवणारा माणूस आठवड्यातून एक संध्याकाळ बसवावा. न शिकलेले स्वस्त सॉफ्टवेअर महागच पडते.

"वर्षभर फुकट" ऑनलाइन सेवांत संकेतस्थळ, ईमेल आणि हिशेबाची दूरची प्रत असे तीन प्रकार येतात. संकेतस्थळाचे नाव दुकानदाराच्या स्वतःच्या नावाने नोंदलेले हवे, बनवून देणाऱ्याच्या किंवा क्लबाच्या नव्हे. क्लबाच्या नावाचा ईमेल पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापू नये. क्लब बंद पडला की गिऱ्हाइकाचे पत्र कुठेच पोहोचणार नाही. आणि पासवर्ड बदलण्यासाठी ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, हे विसरू नका. चिटणीसभाई भले गृहस्थ असतील, पण वीस दुकानांच्या किल्ल्या एकाच्या खिशात का असाव्यात? हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घरीही असू द्यावी.

पैसे जमा करण्यापूर्वी विक्रेत्याकडून महिनाभराची चाचणी प्रत मागावी. क्लबातील एका सभासदाने त्यात आपल्या गेल्या महिन्याची खरी बिले भरावीत, मग सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढाव्यात आणि ज्या यंत्रावर ते सॉफ्टवेअर नाही अशा दुसऱ्या यंत्रावर तो तक्ता उघडून पाहावा. आकडे आणि गिऱ्हाइकांची नावे जशीच्या तशी दिसली, तरच पुढची बोलणी करावीत.