घशासोबत खालचा त्रासही सांगा

घसा सारखा धरतो, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. त्यातच लघवीला जळजळ, स्राव किंवा जननेंद्रियावर फोड. घसा डॉक्टरांना दाखवला जातो, खालचं दुखणं मात्र लाजेपोटी लपवलं जातं.

दोन्हींचा संबंध असेलच असं नाही, पण असू शकतो. मुखमैथुनातून गनोरिया हा लैंगिक संसर्ग घशात पोहोचतो आणि तिथे बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. घशातला हा संसर्ग लघवीच्या तपासणीत सापडत नाही, त्यासाठी घशाचा स्वॅबच लागतो. म्हणून लैंगिक संबंध कसे आले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. त्यात लाजण्यासारखं खरंच काही नाही. अँटिबायोटिक्स वारंवार घेतल्याने किंवा मधुमेहामुळे बुरशीही वाढते: तोंडात पांढरा थर, खाली खाज. दोन्हीकडे पुन्हापुन्हा व्रण उठवणारा बेहचेट हा आजार तर संसर्गजन्यच नाही.

सरकारी जिल्हा रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी मोफत होते, माहिती गोपनीय राहते. १०९७ या हेल्पलाइनवरही विचारता येतं. लैंगिक संसर्ग निघाला तर जोडीदाराचेही उपचार एकाच वेळी व्हावेत. थुंकी गिळता येत नसेल किंवा श्वास अडकत असेल, तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठा.