‘काश्यप’ नांवाचें जपानी भिंग

जपानांत इ. स. १९३४ मध्यें जाहीर झालेल्या एका छायाचित्रणाच्या भिंगास ‘काश्यप’ असें संस्कृत नांव होतें, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. आम्हांसहि ती गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. जुने कॅमेरे जमविण्याचा छंद असलेला आमचा एक माजी विद्यार्थी हें नांव रोमन अक्षरांत लिहून घेऊन आमच्याकडे आला. असें नांव कोरलेलें एक भिंग त्यास कोणीं मोठ्या किंमतीस देऊं केलें होतें, आणि ‘गुरुजी, हें संस्कृत शुद्ध आहे ना?’ एवढेंच त्यास विचारावयाचें होतें. शुद्ध आहे, असें आम्हीं तत्काळ सांगून टाकिलें. त्या घाईची टोंचणी पुढें बरेच दिवस मनास लागून राहिली. हें टिपण तिचेंच फळ होय.

तोक्यो शहराच्या रोप्पोंगी भागांत १९३३ सालीं एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ‘सेइकी कोगाकू केंक्यूजो’, म्हणजे सूक्ष्म प्रकाशयंत्रांची संशोधनशाळा, या नांवाचा एक लहानसा कारखाना निघाला. चालक योशिदा गोरो व त्यांचे मेहुणे उचिदा साबुरो. योशिदा हे चलच्चित्रांचीं यंत्रें दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनीं जर्मनीचा ‘लायका’ कॅमेरा उकलून पाहिला, तों आंत पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड व रबर यांवांचून कांहीं निघालें नाहीं. हिरेमाणकें तर नव्हतींच. असल्या सामान्य जिनसांना एवढें मोल कां, म्हणून त्यांस संताप आला. हा संताप अनाठायीं नव्हता. भिंगासह लायकास त्या वेळीं ४२० येन पडत, आणि बड्या पेढींत नव्यानें लागलेल्या पदवीधरास महिना ७० येन मिळत.

परंतु हिरे नसले तरी त्या यंत्रांत एक मोठी करामत होती. १९३२ च्या लायकांत भिंगास अंतरमापक जोडलेला होता. अशा कॅमेऱ्यांत पाहणारा भिंगांतून पाहत नाहीं. दोन झरोक्यांनीं वस्तूच्या दोन प्रतिमा आंत येतात; भिंग फिरवीत गेलें कीं एक प्रतिमा सरकते आणि दुसरीशीं जुळते, व जुळली कीं भिंग त्या अंतरास बरोबर लागलें असें समजावयाचें. म्हणून भिंगाचें मळसूत्र व अंतरमापकाची तरफ यांचा मेळ केसभरहि चुकून चालत नाहीं. चांगली कांच घांसतां येणें ही एक विद्या, आणि हा मेळ बसविणें ही दुसरी. रोप्पोंगीच्या कारखान्यापाशीं पहिली विद्या नव्हती, हें पुढें दिसेलच.

‘असाही कॅमेरा’ या मासिकाच्या जून १९३४ च्या अंकांत कारखान्याची जाहिरात आली. पाणबुड्यांत ‘इ’ वर्गाची, विमानांत ९२ क्रमांकाच्या नमुन्याचें, तसा कॅमेऱ्यांत ‘क्वानोन’, आणि हीं सर्व जगांत श्रेष्ठ, असा तिचा डौल होता. याच क्वानोनच्या भिंगाचें नांव ‘काश्यप’. नाभीय अंतर ५० मिलिमीटर, व त्यास ३.५ नें भागिलें असतां येणारा सुमारें १४ मिलिमीटर हा छिद्राचा व्यास. लायकाच्या ‘एल्मार’ भिंगाचेंहि मान हेंच. तेव्हां स्पर्धा कोणाशीं होती तें सांगावयास नको.

आतां नांवांकडे वळूं. योशिदा हे कन्नोन देवतेचे भक्त, आणि कन्नोन (जुन्या लेखनांत ‘क्वानोन’) म्हणजे आपला अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या लेण्यांत याच बोधिसत्त्वाची अकरा मुखांची मूर्ति आहे; क्वानोनच्या चिन्हांत तो सहस्रभुज होऊन ज्वाळांमध्यें विराजमान झाला. कुमारजीवानें चिनी भाषेंत त्याचें नांव ‘जगाचा ध्वनि अवलोकणारा’ अशा अर्थानें केलें. तें ‘अवलोकितस्वर’ या पाठास धरून आहे, आणि तो पाठ जुन्या हस्तलिखितांच्या तुकड्यांत खरोखरच आढळतो. ह्युएनत्संगानें ‘ईश्वर’ हें पद धरून निराळें भाषांतर केलें, पण लोकांच्या तोंडीं कुमारजीवाचेंच राहिलें.

भिंगाचें नांव मात्र बुद्धशिष्य महाकाश्यप याचें, असें कारखान्याच्या परंपरेंत सांगतात. जपानी लोक या काश्यपास ‘काशो’ म्हणतात. देवतेचें नांव जपानी उच्चारांत आणि शिष्याचें मात्र संस्कृत रूपांत, ही विषमता आम्हांस मोठी कौतुकाची वाटते. रोमन लिपींत स्वराची मात्रा दाखविलेली नसल्यामुळें ‘कश्यप’ असेंहि वाचतां येईल. येथें आमचा पाय घसरला होता. तैत्तिरीय आरण्यकांत ‘कश्यप’ हा ‘पश्यक’ शब्दाच्या अक्षरांची उलटापालट होऊन झालेला, म्हणजे सर्व पाहणारा, असा अर्थ सुचविला आहे. भिंगास याहून समर्पक नांव कोणतें? परंतु योशिदांनीं आरण्यक चाळल्याचा पुरावा नाहीं. हा योगायोग आहे, व योगायोगावर सिद्धांत उभारूं नये हें आम्ही तीस वर्षें मुलांस सांगत आलों.

जाहिरातींतला क्वानोन बाजारांत आलाच नाहीं. योशिदांनीं त्याच सालीं कारखाना सोडला. विकावयास आलेला पहिला कॅमेरा म्हणजे फेब्रुवारी १९३६ चा ‘हान्झा कॅनन’, किंमत २७५ येन. (हा ‘हान्झा’ आपला हंस नव्हे, तें ओमिया या विक्रेत्या पेढीचें व्यापारचिन्ह होतें.) त्यावर ‘काश्यप’ नाहीं, ‘निक्कोर’ आहे. भिंग, त्याचें मळसूत्र व अंतरमापकाची प्रकाशयोजना हीं १९१७ सालीं स्थापन झालेल्या निप्पोन कोगाकू, म्हणजे पुढें निकॉन म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें करून दिलीं. रोप्पोंगीकरांनीं सांगाडा व पडद्याचें शटर केलें आणि जुळणी केली. ज्यांस १९३६ मध्यें दुसऱ्याकडून भिंग घ्यावें लागलें त्यांनीं १९३४ मध्यें स्वतःचें भिंग घडविलें होतें, हें मानावयास जाहिरातीपलीकडे आधार हवा. जाहिरात ही बखरीच्या जातीची. ती लिहिणाऱ्याची आकांक्षा सांगते. अस्सल कागदाची योग्यता तिला नाहीं, आणि निर्विवाद असें ‘काश्यप’ भिंग आजवर पुढें आलेलें नाहीं.

शिवाय धातूवर अक्षरें कोरणें सोपें आहे. सोव्हिएत ‘फेड’ व ‘झोर्की’ कॅमेऱ्यांवर लायकाचें नांव घालून ते विकण्याचा उद्योग संग्राहकांच्या परिचयाचा आहे. म्हणून विद्यार्थ्यास आम्हीं पुन्हां बोलावून सांगितलें कीं, नांवाच्या शुद्धतेविषयीं आम्हीं दिलेला अभिप्राय भिंगाच्या खरेपणाचा दाखला म्हणून कोणासहि दाखवूं नये. भिंग १९३६ पूर्वीं कोणाच्या हातीं होतें याचा कागद मागावा. त्यानें तो मागितला. विक्रेत्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

मूळ जाहिरातीची प्रत कोणा वाचकाच्या संग्रहीं असल्यास तिचें छायाचित्र मंडळाकडे पाठवावें, अशी विनंति आहे.