पापवा सेवगोलम : एका व्यावसायिक गोल्फपटूची कारकीर्द

गोल्फच्या खेळात प्रतिस्पर्ध्याचा हात आपल्या चेंडूस लागत नाही. १८ खळग्यांच्या मैदानावर प्रत्येक खळग्यात चेंडू पोहोचविण्यास किती टोले लागले याची मोजदाद होते, आणि ज्याचे टोले सर्वांत कमी तो विजयी ठरतो. मोठ्या स्पर्धा बहुधा चार दिवस चालतात व त्यांत ७२ खळगे खेळावे लागतात. पंचाच्या मर्जीला किंवा जोडीदाराच्या चुकीला येथे फारसा वाव नसतो. म्हणूनच हा निखळ गुणवत्तेचा खेळ होय, असे मानण्याकडे आपला कल असतो.

व्यावसायिक खेळाडूच्या बाजूने पाहिले म्हणजे मात्र चित्र काहीसे बदलते. त्याला ठरलेले वेतन नसते. बक्षिसाच्या रकमेतील वाटा हेच त्याचे मुख्य उत्पन्न. प्रवास, मुक्काम आणि काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीची मजुरी हा सर्व खर्च सामान्यतः त्याचा त्यानेच सोसावयाचा. निम्मी स्पर्धा झाल्यावर मागे पडलेले खेळाडू गाळण्याची प्रथा आहे, आणि अशांच्या पदरी बहुधा काहीच पडत नाही. तेव्हा वर्षभरात पुरेशा स्पर्धा खेळावयास मिळणे ही या व्यवसायाची पहिली अट ठरते. टोल्यांचा हिशेब खेळाडूच्या हाती असतो. स्पर्धेचे दार उघडणे मात्र इतरांच्या हाती. सेवसंकर ऊर्फ ‘पापवा’ सेवगोलम यांच्या कारकिर्दीत ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल.

ऊस पिकविण्यासाठी १८६० पासून हिंदुस्थानातून जे गिरमिटिया मजूर दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये नेण्यात आले, त्यांच्या वंशजांपैकी सेवगोलम हे एक. डर्बन शहरात त्यांचे बालपण गरिबीत गेले. शाळेचा लाभ त्यांना मिळाला नाही आणि लिहितावाचता कधीच आले नाही. गोऱ्या खेळाडूंचे कॅडी म्हणून काम करीत असताना पाहून पाहून ते खेळ शिकले. शिकविणारा कोणी नसल्यामुळे त्यांची काठी धरण्याची पद्धत उलटी राहिली. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात दांडीवर वर असतो व उजवा त्याखाली. सेवगोलम यांचा डावा हात खाली असे. पाठ्यपुस्तकांनी चुकीची ठरविलेल्या या पकडीने त्यांचे टोले मात्र नेमके पडत.

त्यांचे कसब हेरले ते ग्रॅहॅम वुल्फ या उद्योजकाने. ‘ऑइल ऑफ ओले’ या सौंदर्यप्रसाधनाचे ते निर्माते. त्यांच्या साहाय्याने सेवगोलम १९५९ मध्ये युरोपात गेले आणि त्याच वर्षी त्यांनी डच ओपन स्पर्धा जिंकली. पुढे १९६० आणि १९६४ मध्येही ही स्पर्धा त्यांनीच जिंकली. परदेशात ज्याला विजेता म्हणून गौरविले जाई, त्याला स्वदेशातील गोऱ्यांच्या स्पर्धांत उतरण्यासाठी परवानगीची वाट पाहावी लागे.

ती परवानगी मिळाली तेव्हा १९६३ मध्ये त्यांनी डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर नाताळ ओपन जिंकली. पारितोषिक समारंभाच्या वेळी पाऊस पडत होता. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे क्लबच्या इमारतीत त्यांना प्रवेश नव्हता. पराभूत गोरे खेळाडू आत छपराखाली होते, आणि विजेत्याने चषक स्वीकारला तो बाहेर, पावसात. या प्रसंगाचे छायाचित्र जगभर गेले. वर्णभेद म्हणजे काय हे समजावून सांगण्यास त्यानंतर फार शब्द लागले नाहीत. दक्षिण आफ्रिकेला क्रीडाक्षेत्रात एकाकी पाडण्याच्या चळवळीला अशा प्रसंगांनीच बळ दिले.

दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, सेवगोलम यांनी नाताळ ओपन पुन्हा जिंकली. या वेळी मागे पडलेल्यांत गॅरी प्लेयर होते. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून ज्यांनी चारही प्रमुख स्पर्धांची विजेतेपदे पूर्ण केली, तेच हे प्लेयर. कोणत्याही व्यावसायिक खेळाडूसाठी असा विजय म्हणजे नव्या स्पर्धांचे आमंत्रणच. सेवगोलम यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. सरकारने त्यांना गोऱ्यांच्या स्पर्धांतून वगळले, आणि पुढे पारपत्रही काढून घेतल्यामुळे परदेशी स्पर्धांचा मार्ग बंद झाला. सरावाने कमावलेले हात शाबूत होते. पण कमाई होण्यासारख्या स्पर्धाच उरल्या नाहीत. पन्नाशी गाठण्यापूर्वीच, १९७८ मध्ये, विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला.

वर्णभेदाची राजवट १९९४ च्या निवडणुकीने संपुष्टात आली. डर्बनमधील एका गोल्फ मैदानास आता सेवगोलम यांचे नाव आहे. त्यांच्या विजयांची यादी पाहणाऱ्यास ती आखूड वाटेल. परंतु खेळाडूचे मोल केवळ जिंकलेल्या स्पर्धांवरून करावयाचे नसते. किती स्पर्धा त्याला खेळू दिल्या गेल्या, हा आकडाही त्या यादीशेजारी ठेवावा लागतो.