जुन्या वस्तू पुढे कुठे जातात?

सणासुदीच्या आवराआवरीत माळा रिकामा केला की वस्तूंचे तीन ढीग होतात: कुणाला तरी देण्याजोगे, भंगारात विकण्याजोगे आणि टाकण्याजोगे. बहुतेक घरांत तिसरा ढीग विनाकारण मोठा होतो. पुण्यासारख्या शहरात जुन्या वस्तू पुढे नेणारी माणसांची एक जुनी साखळी आहे. तिचे काम कसे चालते हे समजून घेतले, तर टाकण्याजोगे फारच थोडे उरते.

पहिला नियम असा की, जी वस्तू आहे तशी वापरता येते ती मोडीत घालू नये. वितळवून नवी वस्तू करायला वीज, पाणी, वाहतूक असे सगळेच लागते. दुसऱ्या घरात जायला काहीच लागत नाही. शाळेची पुस्तके मे महिन्यातच खालच्या वर्गातल्या मुलांना द्यावीत. अभ्यासक्रम बदललेला नाही ना, एवढे पाहावे. मुलांची सायकल, पाळणा, मिक्सर, खुर्च्या यांना त्याच इमारतीत गिऱ्हाईक असते, फक्त ते एकमेकांना ठाऊक नसते.

कपड्यांची जाणकार म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण. ती साडी उलगडून उजेडात धरते, कुठे विरली आहे ते पाहते, काठ आणि पदर चाचपते. पँटची चेन ओढून पाहते, गुडघ्याशी कापड ताणते. मग स्टीलचा डबा द्यायचा की वाटीवर भागवायचे, ते ठरते. धड कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात. फाटक्या सुती कपड्यांच्या चिंध्या गॅरेजमध्ये आणि छापखान्यात तेल-शाई पुसायला लागतात. सिंथेटिक कापड सुतीइतके शोषून घेत नाही, म्हणून त्याला तिथे फारशी किंमत नाही. आणि मऊ पडलेली सुती साडी असेल तर तिची गोधडी शिवून घ्यावी. तिच्याइतके ऊबदार पांघरूण विकत मिळत नाही.

दुसरा ढीग भंगाराचा. इथे भाव ठरतो तो स्वच्छतेवर आणि वर्गवारीवर. वर्तमानपत्रे, वह्या आणि पुठ्ठा यांचे दर वेगळे असतात. सगळे एकत्र बांधले की सरसकट कमी भाव मिळतो. ओल्या रद्दीचे वजन फसवे असते, म्हणून दुकानदार घट धरतो. कागदाचे तंतू दर फेरीत आखूड होत जातात, त्यामुळे कागद अनंत वेळा फिरत नाही. तेलकट पुठ्ठ्याचा तर लगदाच नीट होत नाही. काच आणि ॲल्युमिनियम मात्र पुन्हा पुन्हा वितळवता येतात. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवे करताना खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते.

प्लास्टिकच्या वस्तूवर त्रिकोणात 1 ते 7 यांपैकी एक आकडा असतो. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. पाण्याची बाटली एका प्रकारची असते, तिचे झाकण दुसऱ्या. दोन्ही वेगळे केल्याशिवाय कारखान्याला चालत नाही. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून ठेवली तर विकली जाते. कापताना तिचा कोपरा पिशवीला चिकटलेलाच ठेवावा, कारण सुटा झालेला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही.

ही वर्गवारी प्रत्यक्षात करतात त्या कचरावेचक महिला. पुण्यात 1993 साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढे कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. ती महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निवडलेल्या मालाची विक्री, यांवर या महिलांचा संसार चालतो. वेचलेला माल गल्लीतल्या भंगाराच्या दुकानात जातो, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि मग कारखान्यात. आपण रद्दीवर आमटी ओतली की त्यांच्या त्या दिवसाच्या कमाईतला तेवढा हिस्सा बुडतो.

म्हणून घरात चार गोष्टी पाळाव्यात. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. 2016 च्या घनकचरा नियमांनीही तेच बंधनकारक केले. फुटकी काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून द्यावे. सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते पुडके उघडावे लागत नाही. मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या, ट्यूबलाइट वेगळ्या खोक्यात जमवून ई-कचरा संकलनात द्याव्यात. फ्लुओरेसंट ट्यूबमध्ये पारा असतो, आणि दाबल्या गेलेल्या लिथियम बॅटरीला आग लागू शकते.

इमारतीत जिन्याखाली एक फळी आणि महिन्यातला एक ठरलेला रविवार एवढ्यावर पहिल्या ढिगातल्या वस्तूंची देवाणघेवाण सुरू होते. वस्तू पुसून, चालू आहे की बिघडलेली ते चिठ्ठीवर लिहून ठेवावी. आठवड्यात कुणी नेली नाही तर ती भंगारात जाईल, हे आधीच ठरवावे. नाहीतर फळीची अडगळ होते.

सुरुवात उद्या सकाळीच करता येईल. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारा, कोणता माल कसा वेगळा करून दिला तर त्यांना सोयीचे होईल. त्या सांगतील ते घरातल्या सगळ्यांनी पाळा.